पितगाम: एका सरकारी शब्दाची बढती

बायबलमधल्या शब्दांचे अर्थ शोधणारे बहुतेक लोक आधी स्ट्राँगच्या सूचीत डोकावतात. १८९० सालची आहे, जुनी झाली, तिच्यातल्या चुका काढणारेही पुष्कळ आहेत, पण प्रत्येक शब्दाला एक नंबर दिलाय म्हणून सगळ्यांना सोयीची पडते. तर त्या सूचीत ६५९९ नंबरवर 'पितगाम' आहे आणि लगेच पुढे ६६०० वर पुन्हा 'पितगाम'. अक्षरं तीच, अर्थ जवळजवळ तोच, निरोप किंवा हुकूम, एक हिब्रू म्हणून नोंदवलाय आणि दुसरा हिब्रूची बहीण असलेल्या अरामी भाषेतला म्हणून. दोन भाषा त्याच्यावर हक्क सांगतायत आणि गंमत म्हणजे तो मुळात दोघींचाही नाही. तो फारसी आहे, आणि फारसी आहे म्हणूनच मराठी माणसाला तो पटकन ओळखू येण्यासारखा आहे, फक्त त्याच्या अंगावरची धूळ जरा झटकावी लागते.

आधी अरामी मधेच कुठून आली ते सांगतो. जुना करार म्हणजे सगळा हिब्रू असं आपण धरून चालतो, पण एज्राच्या पुस्तकातला बराच भाग, यिर्मयातली एक ओळ आणि दानिएलचा जवळजवळ अर्धा भाग अरामीत आहे. दानिएलमध्ये तर दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या ओळीत, वाक्य चालू असतानाच, खास्दी लोक, म्हणजे दरबारातले ज्योतिषी, राजाला अरामीत म्हणाले असं येतं आणि तिथून जी अरामी सुरू होते ती थेट सातव्या अध्यायाच्या शेवटी थांबते. एज्रामध्ये अरामी येण्याचं कारण साधं आहे, तिथे सरकारी पत्रव्यवहार दिलाय आणि सरकारी पत्रव्यवहार अरामीतच चालायचा.

कोरेशने, म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातल्या सायरसने, इ.स.पू. ५३९ मध्ये बॅबिलोन घेतलं आणि पुढच्या काही वर्षांत इजिप्तपासून सिंधूपर्यंत सगळं एका दरबाराखाली आलं. राजे पर्शियन, पण कारकून मंडळींची भाषा अरामी, कारण अश्शूर आणि बॅबिलोनच्या काळापासून शाईने चामड्यावर आणि पपायरसवर लिहायची सवय अरामीलाच होती. पर्शियन राजांची स्वतःची खिळ्यांच्या आकाराची लिपी होती पण ती खडकावर आपला पराक्रम कोरून ठेवायला, रोजच्या कामाला नाही. (आपल्याकडे अशोकाच्या वायव्येकडच्या लेखांमध्ये 'लिपि'च्या जागी 'दिपि' येतं ते याच कारकुनी जगाचं उष्टं. ते असो.) मग झालं असं की साहेबाची भाषा एक आणि फायलीची भाषा दुसरी, आणि अशा वेळी जे नेहमी होतं तेच झालं, हुकूम, नक्कल, खजिना, कायदा, सुभेदार असले सगळे शब्द साहेबाच्या भाषेतून फायलीच्या भाषेत येऊन बसले. पितगाम त्यातलाच एक.

आता शब्दाची मोडतोड. हिब्रूत तो पे, ताव, गीमेल, मेम अशा चार व्यंजनांनी लिहितात. हिब्रू आणि अरामीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभे असतात, चार व्यंजनांचा शब्द दिसला की तो परका असल्याचा संशय घ्यावा, नेहमी खरा ठरतो असं नाही पण इथे ठरतो. हिब्रूच्या आधाराने फोडायला गेलं तर 'पत' म्हणजे भाकरीचा तुकडा आणि 'गम' म्हणजे सुद्धा, म्हणजे 'तुकडासुद्धा', आणि राजाचा तुकडासुद्धा राज्यभर ऐकू जाईल असलं वाक्य हाती येतं. फारसीकडून गेलं की लगेच उकलतं. जुन्या फारसीत 'पतिगाम' असा शब्द असणार. असणार म्हणतोय कारण तो आपल्याला जुन्या फारसी शिलालेखांत प्रत्यक्ष सापडलेला नाही, पण आजूबाजूच्या इतक्या भाषांनी तो उचललाय की त्याचं रूप बांधता येतं. 'पति' म्हणजे कडे, परत, उलट. 'गम' म्हणजे जाणे, येणे.

इथे मराठी माणसाचे कान टवकारायला हवेत. 'गम' तर सरळ आपला गम्, गमन, आगमन, संगम यातला. आणि 'पति' हा नवरा किंवा मालक या अर्थाचा पति नव्हे, तर आपल्या 'प्रति' या उपसर्गाचा भाऊबंद. र कुठे गेला असं विचाराल तर ग्रीकच्या जुन्या बोलींमध्येही 'प्रोति' आणि 'पोति' अशी दोन्ही रूपं होती, म्हणजे ही र-वाली आणि बिन-र-वाली जोडी फार जुनी आहे, फारसीकडे बिन-र-वाली आली. प्रत्युत्तर, प्रतिसाद, प्रतिक्रिया यात जो प्रति आहे तोच समजा. म्हणजे पतिगाम शब्दशः संस्कृतात आणला तर प्रतिगम होतो, आणि मराठीत 'प्रतिगामी' हा शब्द तर पेपरात रोज कुणी ना कुणी कुणाला तरी म्हणत असतो! घडण तीच पण अर्थ वेगळ्याच वाटेने गेला, आपल्याकडे मागे जाणारा तो प्रतिगामी झाला आणि तिकडे कुणाकडे तरी जाणारं किंवा कुणाकडून परत येणारं ते पतिगाम झालं, म्हणजे निरोप, सांगावा.

आणि हाच शब्द फारसीतही पुढे जगला. दोन स्वरांच्या मधला त झिजत झिजत य झाला आणि पतिगामचा 'पैगाम' झाला. आता ओळखलात ना? पैगाम म्हणजे निरोप हे हिंदी गाण्यांमुळे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्याला 'बर' म्हणजे वाहून आणणारा (संस्कृतच्या भृ धातूचा नातलग) जोडला की पैगंबर, निरोप घेऊन येणारा. मराठीत आपण 'प्रेषित' आणि 'पैगंबर' असे दोन्ही शब्द वापरतो, एकात पाठवणं आहे आणि एकात आणणं. हिब्रूतला 'नावी' म्हणजे संदेष्टा याच्याशी याचा काही संबंध नाही, तो वेगळ्या कुळाचा.

तर आता बायबलमध्ये हा कुठे कुठे येतो ते बघू. एकूण आठ वेळा. हिब्रूत दोनदा, एस्तेर १:२० आणि उपदेशक ८:११. अरामीत सहा वेळा, त्यातले चार एज्रात आणि दोन दानिएलात. आठच जागा असल्यामुळे एका बैठकीत सगळ्या वाचून होतात आणि माझं मत असं बनलंय की या आठही जागी हा शब्द पक्का सरकारी आहे, आणि तो तसा वाचला की त्या जागा जास्त जिवंत होतात. भाषांतरांमध्ये मात्र कुठे 'वचन', कुठे 'उत्तर', कुठे 'गोष्ट', कुठे 'शिक्षा' असं काहीबाही झाल्यामुळे तो एकच शब्द आहे हे कळतच नाही.

एज्राचं चौथं प्रकरण म्हणजे निव्वळ तक्रारअर्जाचा नमुना आहे. रहूम नावाचा मोठा अधिकारी आणि शिमशय नावाचा लेखनिक, दोघे मिळून राजा अर्तहशश्ताला लिहितात की यहूदी लोक ते बंडखोर नगर पुन्हा बांधतायत, एकदा तट उभे राहिले की हे लोक सरकारात कर भरणार नाहीत, आम्ही सरकारचं मीठ खाल्लेलं आहे (हे मीठ आपल्याकडून मी घातलेलं नाही हां, मूळ अरामीत खरंच राजवाड्याचं मीठ खाल्ल्याचं आलंय), तेव्हा जुने दप्तर तपासून पाहावे. यात करांची जी तीन नावं आहेत ती अक्कदी म्हणजे बॅबिलोनी मूळाची. रहूमच्या हुद्द्याचं नावही तसंच. मग सतराव्या ओळीत राजाचं उत्तर येतं आणि सुरुवातच 'पितगामा' शब्दाने होते, 'पितगामा राजाने पाठवला रहूमला'. कर बॅबिलोनी, हुद्दा बॅबिलोनी, पत्र अरामी आणि वरून आलेला निरोप फारसी, एका पानावर तीन साम्राज्यांचा गाळ साचलाय.

पाचव्या प्रकरणात उलट्या दिशेने. तत्तनइ नावाचा नदीपलीकडच्या प्रांताचा, म्हणजे फरातच्या पश्चिमेकडच्या मुलखाचा अधिकारी दारयावेश म्हणजे डरायस राजाला वर कळवतो, आणि तिथेही शब्द पितगामाच. (हा तत्तनइ खरा माणूस होता, इ.स.पू. ५०२ च्या एका बॅबिलोनी मातीच्या पाटीवर नदीपलीकडचा सुभेदार म्हणून त्याचं नाव सापडलंय.) म्हणजे खालून वर गेला तो अहवाल, तोही पितगाम, आणि वरून खाली आला तो हुकूम, तोही पितगाम. आपल्या मनात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत कारण अहवाल देणारा आणि हुकूम देणारा यांची पत वेगळी असते, पण त्या शब्दाला पतीशी देणंघेणं नाही, कायदेशीर वाटेने प्रवास करून पोचलेला सरकारी मजकूर एवढंच त्याला दाखवायचंय.

सहाव्या प्रकरणात मात्र त्याला दात फुटतात. अहमथा म्हणजे एकबताना इथल्या दप्तरात कोरेशचा जुना हुकूम सापडतो, दारयावेश म्हणतो मंदिर बांधू द्या, खर्च सरकारी तिजोरीतून द्या, आणि मग अकराव्या ओळीत म्हणतो की हा पितगाम जो कुणी बदलेल त्याच्या घराची तुळई उपसून काढावी, तिच्यावर त्याला टांगावं आणि घराचा उकिरडा करावा. तुळई त्याच्याच घराची, वेगळी आणायचीसुद्धा तसदी नाही.

असल्या धमक्या फक्त बायबलवाल्यांनी रंगवल्या असं कुणाला वाटत असेल तर अर्शामाची पत्रं बघावीत. अर्शामा हा इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात इजिप्तचा पर्शियन सुभेदार होता, राजघराण्यातला, आणि बऱ्याचदा तो इजिप्तच्या बाहेर असायचा, तिथून तो आपल्या जमीनजुमल्याच्या कारभाऱ्यांना अरामीत पत्रं पाठवायचा. चामड्यावर लिहिलेली ही पत्रं ऑक्सफर्डच्या बोडलियन लायब्ररीने १९४४ मध्ये मिळवली आणि जी. आर. ड्रायव्हर यांनी १९५४ मध्ये छापली. एका पत्रात तो नख्तहोर नावाच्या कारभाऱ्याला झापतोय. तुझ्या आधीच्या कारभाऱ्याने इजिप्तमध्ये बंड झालं तेव्हासुद्धा आमची माणसं आणि मालमत्ता नीट राखली, वर बाहेरून कारागीर मिळवून भर घातली, बाकीचे कारभारी पण तसंच करतायत, तू मात्र काही करत नाहीस. आणि शेवटी, नुकसान झालं तर तुला सक्त जाब विचारला जाईल आणि 'गस्त पितगाम तुला केला जाईल'.

'गस्त पितगाम' मधले दोन्ही शब्द फारसी. हा गस्त म्हणजे आपली रात्रीची गस्त नव्हे, 'गस्त' म्हणजे वाईट, ओंगळ, आणि हा शब्द मात्र जुन्या फारसी शिलालेखात खणखणीत सापडतो, नक्श-ए-रुस्तमला दारयावेशच्या थडग्यावर, जिथे तो अहुरमज्दा या आपल्या देवाकडे मागणं मागतो की मला गस्तापासून वाचव. म्हणजे वाक्य अरामी, क्रियापद अरामी आणि धमकीचा नेमका गाभा साहेबाच्या भाषेत. दुसऱ्या एका पत्रात अर्मापिया नावाच्या माणसाला, जो कारभाऱ्याचं ऐकत नव्हता, हीच धमकी जशीच्या तशी दिलीय. म्हणजे तो ठरलेला साचा होता, कारकुनाला सांगितलं की खाली नेहमीचं लिही, की झालं.

त्यात मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते क्रियापद. पितगाम 'केला जाईल'. पाठवला जाईल नाही, सांगितला जाईल नाही, केला जाईल. आता उपदेशक ८:११ काढा. ढोबळ अर्थ असा की वाईट कामाविरुद्ध पितगाम झटपट केला जात नाही म्हणून माणसांची मनं वाईट करायला निर्ढावतात. तिथे हिब्रूत क्रियापद तेच, 'करणे'च्या कर्मणी रूपातलं. एस्तेर १:२० मध्येही 'राजा जो पितगाम करील तो'. तीन ठिकाणी, दोन भाषांत, पितगाम 'करतात'. हे मला तरी योगायोग वाटत नाही, सरकारी बोलीतला वाक्प्रचार उचलून हिब्रूत बसवलाय असंच दिसतं. मग उपदेशकाचं वाक्य कोर्टातल्या न्यायाधीशाच्या शिक्षेबद्दल कमी आणि वरून कारवाईचा आदेश सुटायला लागणाऱ्या उशिराबद्दल जास्त आहे. सरळ मराठीत, गुन्हा घडून गेलाय, तक्रार वर गेलीय, पण आदेश काही निघत नाही, फाईल पडून आहे आणि सगळ्यांना कळून चुकलंय की काही होत नसतं. उपदेशक हा त्या बाबतीत बायबलमधला सगळ्यात वैतागलेला माणूस आहे, त्याला हा सरकारी शब्द सुचावा यात नवल नाही. त्याच्याच पाचव्या अध्यायात तो म्हणतो ना की गरिबावर जुलूम दिसला तर चकित होऊ नको, वरच्यावर वरचा नजर ठेवून आहे आणि त्यांच्यावर आणखी वरचे.

ग्रीक भाषांतरकाराने इथे 'अँतिर्रेसिस' म्हणजे उलट बोलणं असा शब्द घातला. त्याच्या डोक्यात बहुतेक उत्तर हा अर्थ असावा कारण पितगाम 'परत करणे' म्हणजे उत्तर देणे हाही चालू प्रयोग होता. जेरोमने लॅटिनमध्ये 'सेंतेंतिया' केलं, म्हणजे न्यायनिवाडा, आणि तिथून युरोपभर तो न्यायाधीशाचा शब्द होऊन बसला. चूक म्हणत नाही मी, पण ऑफिस पुसलं गेलं आणि कोर्ट आलं एवढं खरं.

उपदेशकात हा शब्द असण्यावरून एक मोठं भांडणही आहे. परंपरा सांगते की हे पुस्तक शलमोन राजाचं. पुस्तकात त्याचं नाव नाही, दाविदाचा मुलगा, यरुशलेमचा राजा एवढंच आहे, पण सगळ्यांनी शलमोनच धरला. शलमोनाचा काळ इ.स.पू. दहावं शतक. पर्शियन साम्राज्य त्यानंतर चारशे वर्षांनी. मग शलमोनाच्या तोंडी फारसी सरकारी शब्द कुठून? आणि एकटा पितगाम नाही, दुसऱ्या अध्यायात 'पर्देस' पण आहे, चारी बाजूंनी भिंत घातलेली बाग, तोही फारसी, ज्याचं ग्रीकमध्ये पारादेइसोस झालं आणि अरबीत फिर्दौस. शिवाय या पुस्तकाचं एकंदर व्याकरणच उशिराच्या हिब्रूकडे झुकणारं आहे. फ्रांत्स डेलिच या जर्मन पंडिताने १८७५ मध्ये लिहून ठेवलंय की हे पुस्तक जर शलमोनाच्या काळचं असेल तर हिब्रू भाषेला इतिहासच नाही असं म्हणावं लागेल. आजही थोडे अभ्यासक जुना काळ मांडतात, नंतरच्या नकलाकाराने शब्द बदलला असेल वगैरे. एखादा शब्द असता तर मी पण त्यांना संशयाचा फायदा दिला असता. पण इथे शब्द, व्याकरण, वैताग सगळंच एका दिशेला बोट दाखवतंय, फार तर पर्शियन काळ की त्याच्या नंतरचा ग्रीक काळ यावर वाद घालावा, आणि तो घालतातही.

एस्तेरची जागा निव्वळ विनोदी आहे, निदान मला तरी तो लेखक गालातल्या गालात हसताना दिसतो. राजा अहश्वेरोश (बहुतेक जण याला झर्क्सीस मानतात) १२७ प्रांतांचा धनी, होद्दूपासून कूशपर्यंत. होद्दू म्हणजे सिंधूकडचा मुलूख, आपलं हिंद. १८० दिवस वैभवाचं प्रदर्शन, मग सात दिवस पिणं, सातव्या दिवशी राजा राणीला बोलावतो आणि वश्ती राणी सांगते येत नाही. मग सात मोठे सल्लागार गंभीर चेहऱ्याने बसतात आणि ममुखान म्हणतो की हे जर बाहेर कळलं तर सगळ्या बायका नवऱ्यांना जुमानणार नाहीत, तेव्हा राजाचा पितगाम राज्यभर ऐकू जाऊ दे कारण राज्य फार मोठं आहे. आणि खरंच १२७ प्रांतांना, ज्याच्या त्याच्या लिपीत, ज्याच्या त्याच्या भाषेत पत्रं सुटतात की घरात पुरुषाचं चालावं. म्हणजे जे कुणाला कळू नये म्हणून धडपड ते सरकारी टपालाने सगळ्यांना कळवलं. हे टपाल साधंसुधं नव्हतं, ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने त्याच्या घोडेस्वारांचं कौतुक केलंय, आणि सार्दीस ते शूशन या राजरस्त्यावर १११ टप्पे मोजलेत. एवढी यंत्रणा कशासाठी जुंपली तर बायकोने पार्टीला यायला नाही म्हटलं म्हणून. पितगाम हा भारदस्त शब्द तिथे मुद्दाम घातलाय याबद्दल मला शंका नाही.

याच पुस्तकात 'दात' हा दुसरा फारसी शब्द पुन्हा पुन्हा येतो, कायदा या अर्थी. जुन्या फारसीत 'दाता' म्हणजे ठरवून दिलेलं, नियम. त्याचं पुढे फारसीत 'दाद' झालं, न्याय, आणि मराठीत आपण दाद मागतो ती हीच. आधुनिक हिब्रूत दात म्हणजे धर्म. आणि दानिएल, एस्तेरमधले 'अहश्दरपन' म्हणजे प्रांताधिकारी, ते आपले क्षत्रप, नाशिकच्या लेण्यांतल्या नहपानाच्या नावापुढे लागलेले. या यादीला अंत नाही, थांबतो.

दानिएलातल्या दोन जागा राहिल्या. तिसऱ्या अध्यायात शद्रख, मेशख आणि अबेद्नगो सोन्याच्या मूर्तीपुढे वाकत नाहीत, नबुखद्नेस्सर म्हणतो भट्टीत टाकीन, आणि ते म्हणतात, या बाबतीत तुला पितगाम परत करायची आम्हाला गरज नाही. साध्या भाषांतरात 'उत्तर द्यायची गरज नाही' येतं आणि ते बरोबरच आहे, पण राजापुढे उभं राहून हे म्हणणं म्हणजे तुमच्या नोटिशीला आम्ही लेखी खुलासा देणार नाही म्हणण्यासारखं आहे. राजाची चौकट, राजाचा शब्द, आणि त्यात नकार. चौथ्या अध्यायात राजाला झाडाचं स्वप्न पडतं, झाड तोडा असं स्वर्गातून एक जागता पहारेकरी ओरडतो, आणि सतराव्या ओळीत (हिब्रू गणतीत चौदाव्या) येतं की हा पितगाम जागत्यांच्या निर्णयाने आहे. म्हणजे स्वर्गातही दरबार आहे, तिथेही अधिकारी आहेत, तिथूनही आदेश सुटतात आणि ते खालच्या राजाला लागू होतात. आत्तापर्यंत राजे पितगाम काढत होते, इथे पहिल्यांदा राजावर पितगाम निघाला.

या जागेपासून शब्दाची बढती सुरू झाली असं मला वाटतं. पुढच्या काळात यहूदी लोकांनी तोराहचं अरामीत भाषांतर केलं, त्याला तारगूम म्हणतात, आणि त्यातल्या ओंकेलोसच्या तारगूमात हिब्रू 'दावार' म्हणजे शब्द किंवा गोष्ट याला सर्रास 'पितगामा' वापरलंय. अब्रामला देवाचं वचन आलं, उत्पत्ती १५, तिथे देवाचा पितगामा. निर्गम २० मध्ये देव दहा आज्ञा सांगायला सुरुवात करतो, 'आणि देव हे सगळे पितगाम बोलला'. सिनाय पर्वतावरच्या दहा आज्ञांना अरामीत 'दहा पितगाम' म्हणतात, आणि शब्द तोच जो नख्तहोरला झापताना अर्शामाच्या कारकुनाने लिहिला होता. ख्रिस्ती लोकांच्या सुरियानी (ही अरामीचीच एक बोली) बायबलमध्येही तेच, तिथे तो 'पेतगामा', आणि पुढे सुरियानीत पवित्र शास्त्रातली एखादी ओळ, वचन, याला पेतगामा म्हणायला लागले. केरळातल्या सुरियानी परंपरेच्या ख्रिस्ती उपासनेत आजही गाऊन म्हणायच्या वचनाला 'पेथगोमो' म्हणतात. एका फांदीवरून पैगाम उर्दूमार्गे आपल्याकडे आला, दुसऱ्या फांदीवरून पेथगोमो समुद्रमार्गे केरळात उतरला.

आर्मेनियन लोकांनी तो फारसीकडून सरळ उचलला, 'पतगाम', निरोप आणि देववाणी असे दोन्ही अर्थ, आणि त्यावरून बनलेला 'पतगामावोर' हा आज आर्मेनियात संसदेच्या सभासदाला म्हणतात. तो परत सरकारात गेला.

हिब्रूत काय झालं? बेन सिराच्या पुस्तकात, म्हणजे यहूदी शहाणपणाच्या एका जुन्या ग्रंथात, जो इ.स.पू. १८० च्या आसपासचा मानतात, सल्ला आहे की ऐकायला घाई कर आणि सावकाशीने पितगाम परत कर. इथे दरबार संपलाय, घरगुती शहाणपण आहे, पण प्रयोग अजून शद्रखच्या तोंडचाच, परत करायचा. (या पुस्तकाचं हिब्रू मूळ कित्येक शतकं हरवलं होतं, ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कैरोच्या गनीझात, म्हणजे सिनेगॉगमधल्या जुनी कागदपत्रं टाकायच्या खोलीत, सापडलं, आणि गनीझा हा शब्दसुद्धा ज्या गनझपासून आला, तो गनझ म्हणजे फारसीतला गंज, खजिना. एस्तेरमध्ये राजाचा खजिना म्हणून तोच येतो.) आणि आजच्या इस्रायलमधल्या हिब्रूत पितगाम म्हणजे म्हण, सुविचार. पोरं शाळेच्या वहीत पितगाम लिहितात. त्यामुळे आजचा हिब्रू वाचक उपदेशक आठव्या अध्यायात येतो तेव्हा त्याला आधी असं वाटतं की वाईट कामावर झटपट म्हण तयार होत नाही, आणि मग त्याला खालची टीप वाचावी लागते.